सिग्नलला उभी राहिली की तापणारी गाडी
आमची जुनी पेट्रोल गाडी महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने धावताना अजिबात तापत नसे. मात्र एसी चालू ठेवून सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा वर सरकू लागे आणि एसीची हवाही कोमट होई. ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर पहिला संशय रेडिएटरच्या (इंजिनातला गरम द्रव थंड करणाऱ्या जाळीच्या) पंख्यावर घ्यावा, असे माझे मत आहे. कारण धावत्या गाडीला समोरून वारा आपोआप मिळतो, पण उभ्या गाडीत तो पंख्यालाच ओढावा लागतो आणि त्यातच एसीच्या कंडेन्सरमधून (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या जाळीतून) तापून आलेली हवा मागच्या रेडिएटरवर येते.

एसी लावूनही पंखा फिरत नव्हता, म्हणून आधी फ्यूज पाहिला, मग रिले (पंख्याचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) बदलून पाहिला. शेवटी पंख्याच्या मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट दिले, तरी ती हलली नाही; म्हणजे दोष मोटरमध्येच होता. (गॅरेजमध्ये मात्र तपासणीआधीच हेड गॅस्केटचे (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचे) नाव घेतले गेले होते!)

पंखा व्यवस्थित फिरत असेल, तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत साचलेली धूळ, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी आणि रेडिएटरचे झाकण तपासावे. अर्थात झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे.