गोठ्याच्या माळ्यावरचं पितळ

घोटीजवळचं आमचं जुनं घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. कौलं, वासे, गव्हाणीची लाकडं यांना गिऱ्हाईक लगेच मिळालं. राहिली ती गोठ्याच्या माळ्यावरची भांडी. काकूंचा फोन आला, "मोडीत घालते म्हणतेय मी. तुला हवी असतील तर रविवारपर्यंत ने, नाहीतर मग नंतर रडू नकोस." मी गाडी काढली.

अकरा नग निघाले. तीन हंडे, दोन कळशा, पातेली, एक परात, एक घागर. पोत्यात घालून नाशिकला आणले आणि चिंच-मीठ घेऊन अंगणात बसलो. काळपट थर गेला तसा रंग उघडला. आजीच्या सासरचं पितळ, जाड, वजनदार. आता असं कोण घडवतं? एवढ्यात मोठ्या हंड्याच्या गळ्याशी बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. उन्हात धरून पाहिलं तर काठापासून खाली उभी, केसाएवढी बारीक चीर, आणि तिच्या कडेनं निळसर-हिरवट डाग. हंडा कधी पडला नव्हता, कुठे पोचाही नव्हता. नुसता ठेवल्या जागी तडकला होता.

ही चीर मी पूर्वी पाहिली होती, पण भांड्यावर नाही.

कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा एका कॅम्पात रायफलची ब्लँक काडतुसं उडवून दाखवली होती. ब्लँकला गोळी नसते. पितळी नळीचं तोंडच पाकळ्यांसारखं आत दुमडून बंद केलेलं असतं, वरून बघितलं तर चांदणी दिसते. बार उडाला की पाकळ्या उघडतात. नंतर आम्ही सगळे गवतात ओणवे होऊन रिकामी केस, म्हणजे उडालेल्या पितळी नळ्या, वेचत होतो, कारण जितकी दिली तितकी मोजून परत करायची. एक कमी भरली म्हणून दीड तास गवत चाळलं होतं, भर दुपारी. सापडली ती माझ्याच बुटाखाली. तिच्या दोन पाकळ्यांमध्ये अशीच बारीक चीर होती. परदेशात काही हौशी नेमबाज अशा केसचं तोंड कापून टाकतात आणि उरलेल्या पितळाचं आखूड काडतूस करतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा, त्यामुळे तो नाद सोडाच. पण त्यातली मेख भांड्यालाही लागू पडते. थंड पितळ दाबलं, वाकवलं, ठोकलं की ते कडक होतं आणि आत ताण साठवून बसतं. जिथे जास्त वाकवलं तिथेच ते आधी फुटतं. काडतुसाची ती चांदणी, हंड्याचा तो गळा.

नुसता ताण असून मात्र भागत नाही. सातपूरच्या आयटीआयमध्ये टर्नर करताना आमच्या सरांनी सांगितलेली गोष्ट आता आठवली. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांच्या आसऱ्याला ठेवलेली असायची. पाऊस सरून खोकी उघडली की कित्येकांची तोंडं तडकलेली. ऋतूगणिक व्हायचं म्हणून त्याचं नावच सीझन क्रॅकिंग पडलं. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात साठलेला ताण. यातलं एक काढून घेतलं तरी चीर पडत नाही. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. जस्त इतकं असलं की हा रोग लवकर जडतो, नुसत्या तांब्याला सहसा नाही.

आणि आमचा माळा कुठे, तर चार गायींच्या डोक्यावर. त्यात इगतपुरी तालुक्यातला पाऊस. तीन महिने भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा.

एवढं कळत असूनही मी पहिला घोटाळा घातलाच. छोट्या कळशीला चीर होती, म्हटलं घरीच झाळून टाकू, कशाला कुणाकडे जायचं. ब्लोलॅम्प पेटवला, फ्लक्स लावला, कथील-शिशाचा टाका चिरेवर सोडला. टाका वितळून छान पसरला आणि त्याच क्षणी टिक् असा आवाज आला. चीर बोटाच्या दोन पेरांएवढी खाली धावली. ताण तसाच ठेवून पितळावर वितळलेलं कथील सोडलं की ते चिरेत शिरून तिला आणखी फाडतं. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये गेलो. एका म्हाताऱ्या तांबटकाकांनी कळशी हातात घेतली, नखानं काठाला टिचकी मारली. टण् नाही, बद् असा आवाज. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा टाक्याचा डाग तुम्ही दिला?"

"हो."

"मग ही मोडीत घाला. बाकीची घेऊन या. आणि आता कशाला हात लावू नका."

त्यांचं म्हणणं, प्रत्येक भांडं आधी भट्टीत लालसर करायचं, मग पुढचं बोलायचं. घडवताना ते तेच करतात. ठोकून कडक झालं की तापवायचं, मऊ करायचं, परत ठोकायचं, आणि शेवटी मठार, म्हणजे हातोडीचे शेजारी-शेजारी ठोके, मारून अंगाला ताठपणा आणायचा. माझं म्हणणं असं की लाल केलं तर ताण जाईल खरा, पण आजीच्या हंड्याचा मठारही मऊ पडेल. पावणेतीनशे अंशांवर तासभर ठेवलं तर ताण बराचसा उतरतो आणि कडकपणा जवळजवळ तसाच राहतो. काका हसले. "तुमच्याकडे अंश मोजायची भट्टी असेल तर करा की!"

भट्टी होती, अंबडला एका मित्राच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये. तो आधी म्हणाला, वितळवूनच टाक सगळं, नवीन ओतून घे. ते मला नको होतं. एक तर भांडी जातात. दुसरं म्हणजे जस्त 907 अंशांनाच उकळतं, पितळ वितळायला साधारण तितकीच धग लागते, त्यामुळे पांढरा धूर सुटतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ओतकाम करणाऱ्या कुणालाही विचारा.

भट्टीत घालण्याआधी कुठलं भांडं तडकलंय आणि कुठलं नाही हे शोधायचं होतं. साधी युक्ती केली. रॉकेल कुठून आणायचं हाच मोठा प्रश्न, शेवटी शेजारच्या आजींकडे जुन्या स्टोव्हचं अर्धी बाटली निघालं. ते भांड्याला चोपडून अर्धा तास ठेवलं, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि वरून खडूची भुकटी पातळ फासली. चीर असेल तिथे आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. घागर मला धडधाकट वाटली होती. तिच्या गळ्याभोवती एकामागून एक सात रेघा उमटल्या.

हिशेब असा लागला: पाच नग निरोगी, तीन दुरुस्तीजोगे, घागर आणि एक पातेलं कामातून गेलेलं, आणि माझ्या कर्तबगारीची ती कळशी. निरोगी पाच आणि आजारी तीन, आठही भट्टीतून काढले. बाहेर आले तेव्हा तपकिरी पडले होते, पण कुठे टिक् वाजलं नाही. तिघांच्या चिरांच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर तिथेच थांबते, आणि मग तांबटकाकांनी ब्रेझिंग करून, म्हणजे कथलाऐवजी पितळी टाका वितळवून, वरून हातोडीनं ठोकून, घासून एक केलं. बोट फिरवलं तर कळत नाही. डोळ्याला मात्र किंचित फिकट पट्टा दिसतो, मोठ्या हंड्यावर जास्तच.

पातेल्यांना कल्हई तिथेच लावून घेतली. काका तापल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाचा बोळा फिरवत होते, पांढरा धूर निघाला आणि नाकात ओळखीचा झोंबरा वास गेला. नवसागर म्हणजे अमोनियाचंच मीठ. मी म्हटलं, "काका, नीट धुऊन द्या हं." ते म्हणाले, "चाळीस वर्षं धुतोच आहे."

मोडीचे आलेले पैसे दुरुस्तीला पुरले नाहीत, ते सोडा. परात आणि एक हंडा काकूंना नव्या घरी नेऊन दिला, गोठ्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दिवाळीत गेलो तर परात नव्या गोठ्यात होती, गायीला पेंड कालवायला.

"जड आहे ना," काकू म्हणाल्या, "गाय लाथ मारून उलथवत नाही."