बिश्केक: पायउतार झालेले तीन प्रेसिडेंट आणि दारातून बाहेर पडलेली एक बाई

भाची बिश्केकला (किर्गिझस्तानची राजधानी) एमबीबीएस करतेय, तिसऱ्या वर्षाला आहे, लातूरहून तिच्या बॅचची अजून चार पोरं तिथेच आहेत, त्यामुळे "मामा तू येच" हे दोन वर्षं चालू होतं आणि शेवटी या सप्टेंबरमध्ये गेलो. दिल्लीहून साडेतीन तासांच्या आसपास फ्लाईट, मुंबई-दिल्लीचा वेळ धरला तरी एका दिवसात पोचतो माणूस. लोक जातात ते डोंगर बघायला, इसिक-कुल तलाव बघायला. मी एमएला राज्यशास्त्र घेतलं होतं आणि तेव्हापासून मला एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे शहराच्या मधोमध उभं असलेलं व्हाईट हाऊस, म्हणजे किर्गिझ लोकांचं आक-उय. १५ वर्षांत तीनदा लोक त्या कुंपणावरून आत घुसले आणि तीनदा प्रेसिडेंट गेला.

बिल्डिंग सात मजली, संगमरवरी, १९८५ ची. म्हणजे बांधली होती कम्युनिस्ट पार्टीच्या सेंट्रल कमिटीसाठी आणि सहा वर्षांत सोव्हिएत युनियनच संपलं. समोरून चुय अव्हेन्यू जातो, मारश्रुत्का (आपल्याकडच्या वडापसारख्या मिनीबस) धावत असतात, कोपऱ्यावर एक बाई पिंपातून माक्सिम विकत होती. माक्सिम म्हणजे धान्य आंबवून केलेलं पेय, पहिला घोट घेतला आणि थेट आंबीलच आठवली, दोन ग्लास प्यालो.

कुंपणालगत स्मारक आहे. एक पांढरा दगडी ठोकळा, एक काळा, आणि माणसं अंगातलं सगळं बळ लावून काळा ठोकळा पांढऱ्यापासून ढकलून बाजूला करतायत. जवळच पाटीवर नावं आहेत, सिरिलिक लिपीत. भाचीला आता वाचता येतं, ती एकेक नाव हळूहळू वाचत होती आणि मी नुसता ऐकत होतो. ७ एप्रिल २०१०. त्या दिवशी इथे गोळीबार झाला आणि ८० हून जास्त माणसं गेली. कारण काय, तर त्या हिवाळ्यात प्रेसिडेंट बाकियेवच्या सरकारने विजेचे दर दुपटीच्या आसपास नेले, हीटिंगचे तर कित्येक पट, आणि दुसरीकडे प्रेसिडेंटचा मुलगाच देशाची गुंतवणूक सांभाळणाऱ्या सरकारी एजन्सीचा प्रमुख. एकीकडे घर गरम ठेवायला पैसे नाहीत, दुसरीकडे हे सगळं डोळ्यासमोर, मग लोक पेटणारच ना. बाकियेव आधी देशाच्या दक्षिणेला पळाला, मग कझाकस्तानमार्गे बेलारूसला.

पण हाच बाकियेव २००५ साली हिरो होता हो! तेव्हा आकायेव गेला, १९९० पासून खुर्चीवर असलेला, मूळचा फिजिक्सचा शास्त्रज्ञ. त्याच्या काळात या देशाला मध्य आशियातलं लोकशाहीचं बेट म्हणायचे, आणि २००५ च्या निवडणुकीत त्याचा मुलगा आणि मुलगी दोघंही उभे! मार्चमध्ये लोक घुसले, आकायेव मॉस्कोला. आणि त्याच्या जागी आलेला बाकियेव कोण, तर त्याचाच माजी पंतप्रधान.

मला वाटतं सगळी गोम इथे आहे. राज्यशास्त्रात पॅट्रोनल पॉलिटिक्स म्हणून एक संकल्पना आहे, सोव्हिएत नंतरच्या देशांबद्दल बोलताना फार वापरतात. सोप्या भाषेत सांगायचं तर पक्ष-विचारधारा वगैरे वर दिसतं, खाली सगळं चालतं ते कोण कोणाचा माणूस यावर. वरचा माणूस टिकणार असं वाटतंय तोवर सगळे त्याच्या मागे, आणि जरा शंका आली की आमदार, व्यापारी, जिल्ह्याजिल्ह्यातले पुढारी रातोरात दुसरीकडे. म्हणून ही सरकारं बाहेरून भक्कम दिसतात आणि एका दुपारी कोसळतात. पण कोसळल्यावर येतो कोण, तर त्याच साखळीतला पुढचा माणूस. गर्दी खरी असते, राग खरा असतो, मेलेली माणसं तर खरीच असतात, पण साखळी तशीच राहते.

भाचीच्या घरमालकीणबाईंना सगळी पोरं एझे म्हणतात, एझे म्हणजे ताई. संध्याकाळी त्यांनी चहा, बोर्सोक (पिठाचे तळलेले छोटे तुकडे) आणि घरचा जर्दाळूचा जॅम मांडला आणि भाची दुभाषी. २०२० चं विचारलं. ऑक्टोबरची निवडणूक, १६ पक्षांपैकी फक्त ४ पक्ष सात टक्क्यांची अट पार करून आत, मतं विकत घेतल्याचे आरोप, दुसऱ्याच रात्री लोक व्हाईट हाऊसमध्ये. एझे राजकारणाबद्दल कमी आणि मुलाबद्दल जास्त बोलल्या. २००५ आणि २०१० ला शहरात दुकानं लुटली होती, त्यामुळे यावेळी गल्लीगल्लीतली पोरं दंडाला पट्टी बांधून रात्रभर दुकानांपुढे उभी राहिली, द्रुझिनिकी म्हणतात त्यांना, त्यात यांचा मुलगा. एझे थर्मासमध्ये चहा आणि सामसे (तिथले समोसे) घेऊन रात्री दोन वाजता त्याला द्यायला गेल्या. सांगताना तो थर्मास उठून आणून दाखवला, निळा, झाकणाला पोचा आलेला. सरकार नाही, पोलीस दिसत नाहीत आणि शहर पोरांनी सांभाळलं, हे ऐकून माझ्या घशात काहीतरी अडकलं. १५ ऑक्टोबरला तेव्हाचा प्रेसिडेंट जीनबेकोव याने राजीनामा दिला, गोळ्या घालणारा प्रेसिडेंट म्हणून इतिहासात राहायचं नाही म्हणाला, आणि याबाबतीत मी त्याला मान देतो.

मग मी ओतुनबायेवांचं विचारलं. रोझा ओतुनबायेवा, २०१० नंतरच्या हंगामी प्रेसिडेंट. त्यांच्या काळात जूनमध्ये दक्षिणेतल्या ओश शहरात किर्गिझ-उझबेक दंगलीत ४०० च्या वर माणसं मारली गेली, तो डाग मोठा आहे आणि तो विसरून चालणार नाही. पण त्याच महिन्यात सार्वमत घेऊन संसदेकडे ताकद देणारी घटना आणली, १२० जागांच्या संसदेत एका पक्षाला ६५ पेक्षा जास्त जागा नाहीत असा नियम, आणि २०११ च्या निवडणुकीला स्वतः उभ्या न राहता डिसेंबरमध्ये खुर्ची पुढच्याच्या हातात देऊन त्या घरी गेल्या. माझ्या मते त्या देशात राजवट खऱ्या अर्थाने बदलली ती त्या डिसेंबरात. एझे थोडा वेळ आठवत बसल्या, मग म्हणाल्या की त्या दिवसाचं काही लक्षात नाही, थंडी होती एवढंच.

ती राज्यघटना आता नाही. २०२० ला तुरुंगातून सुटलेले जपारोव २०२१ च्या जानेवारीत निवडून आले, त्याच दिवशी लोकांनी प्रेसिडेंट पद्धतीला कौल दिला, संसद ९० जागांची झाली. शहरातल्या मुख्य अला-तू चौकात झेंडाही बदललाय, जुन्या झेंड्यातल्या सूर्याचे वळणदार किरण सूर्यफुलासारखे दिसतात म्हणून २०२३ च्या शेवटी सरळ केले. त्याच चौकात आधी लेनिन होता, २००३ मध्ये त्याला म्युझियमच्या मागे नेलं, मग स्वातंत्र्याची प्रतीक बाई आली, २०११ ला तिला काढून घोड्यावरचा मानस, म्हणजे किर्गिझ महाकाव्याचा नायक, बसवला.

एअरपोर्टला सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्या बायकेला (बायके म्हणजे दादा) भाचीने माझ्या वतीने विचारलं, आता कसं चाललंय? रस्ते चांगले झाले म्हणाला, हाताने दाखवलेसुद्धा. मग जरा थांबून म्हणाला, यंदा कोळसा लवकर भरून ठेवलाय, विजेचं बिल काय येईल ते हिवाळ्यात बघू.