साहेब, मोटर मी नेली नाही

विहिरीवरची मोटर चोरल्याचा आरोप. पोरगा एकोणीस वर्षांचा, आधीचा एकही गुन्हा नाही. जामीन मंजूर झालेला, पण जामीनदार उभा राहीना, म्हणून सात महिने आत. मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेतून प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा नुकताच चार्ज फ्रेम झाला होता, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केला होता. जेलमध्ये भेटल्या भेटल्या त्याने विचारलं, "ताई, कबूल केलं तर घरी सोडतात ना?"

सोडतात. प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेणं, आपल्याकडे २००६ च्या जुलैपासून आहे. आता फौजदारी खटल्यांच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, चार्ज फ्रेम झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिलाच गुन्हा असेल तर कोर्ट त्याच्या एक षष्ठांश, म्हणजे सहा महिने देऊ शकतं. याने सात काढलेच होते.

"पण तू नेलीस का मोटर?"

"नाही. पण आई एकटी आहे."

मी त्याला समजावलं की शिक्षा लागली की ती कायमची नावावर राहते, उद्या नोकरीला पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये निघते, आणि या निकालावर नेहमीचं अपीलही नाही. त्याने ऐकलं आणि अंगठा पुढे केला. खरंच गुन्हा केलेल्याला आणि नुकसानभरपाई मिळणाऱ्या शेतकऱ्याला हा कायदा मोठा आधार आहे, हे मी मनापासून मानते. याचं तसं नव्हतं.

कायद्यात एक फार मोलाची पायरी आहे. अर्ज आला की न्यायाधीशांनी आरोपीला बंद खोलीत, समोरच्या पक्षाला बाहेर ठेवून विचारायचं: हे स्वखुशीने करतोयस का? दिवसभराच्या प्रकरणांच्या घाईत हा प्रश्न दोन मिनिटांत उरकता येतो. त्या दिवशी न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं तुला अर्ज करायला? घाबरू नकोस, बोल."

तो बराच वेळ चपलेच्या तुटलेल्या पट्ट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, मोटर मी नेली नाही."

अर्ज बाद झाला. त्यात लिहिलेलं त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, खटला जिथे होता तिथून पुढे चालणार. मी त्याच दुपारी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडण्याचा अर्ज टाकला. तो पहिल्या भेटीनंतरच टाकायला हवा होता, म्हणजे त्याला अंगठा द्यावाच लागला नसता.

बाहेर जिन्यापाशी त्याची आई उभी होती. आज सुटणार म्हणून तिने पिशवीत त्याचा इस्त्री केलेला शर्ट आणला होता.