काठमांडूची माउंटन फ्लाइट: खिडकी, प्रोपेलर आणि सगरमाथा

काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावरून सकाळी सुटणारी माउंटन फ्लाइट साधारण तासाभराची. हिमालयाला समांतर पूर्वेकडे जायचं, एव्हरेस्टपाशी (नेपाळीत सगरमाथा) वळायचं आणि सुटलो त्याच धावपट्टीवर परत उतरायचं. मधे कुठे पोचायचं नसल्यामुळे हा सगळा तास खिडकीचा, आणि विमानातून फोटो काढायला शिकण्यासाठी मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही.

एव्हरेस्टचे उत्तम फोटो आधीच भरपूर आहेत. जमिनीवरून, तिपाई लावून, हव्या त्या उजेडाची दिवसेंदिवस वाट बघून काढलेले. खिडकीच्या दुहेरी-तिहेरी आवरणाआडून काढलेला फोटो त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही. पण पंखाची कड, इंजिनाचं नाक, गरगरणारा प्रोपेलर आणि त्यापलीकडे शिखरांची रांग असा फोटो मात्र फक्त इथूनच मिळतो. म्हणून विमान फ्रेमच्या बाहेर घालवण्याची धडपड करू नका. त्याला फ्रेममध्ये नीट जागा द्या.

त्याची सुरुवात सीट निवडण्यापासून होते. या फेरीला बहुतेक वेळा एटीआर ७२ हे दोन प्रोपेलरचं विमान असतं. दोन-दोन सीटच्या रांगा, पंख छपराच्या पातळीवर आणि त्याखाली इंजिनं. पंख वर असल्यामुळे खाली दऱ्यांकडे बघायला काही आड येत नाही. जाताना डोंगर डावीकडे, येताना उजवीकडे. पुढच्या रांगांमधून मागे वळून पाहिलं की प्रोपेलर आणि डोंगर एकत्र दिसतात. मागच्या रांगांमधून शिखरं मोकळी दिसतात आणि पंख फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात येतो. तिथून पुढच्या दिशेला तिरका फोटो मात्र टाळा, कारण इंजिनाच्या गरम धुराड्यातून बघितल्यासारखं चित्र थरथरतं. फोकस कितीही अचूक असला तरी कडा विरघळलेल्या येतात आणि दोष उगाच लेन्सवर जातो. तिकीट काढताना खिडकीची हमी आहे का, हे आधी विचारून घ्या.

उत्तम महिने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. पावसाळ्यात ढग, मार्च-एप्रिलमध्ये धुरकट हवा. ऐन थंडीत हवा स्वच्छ असते, पण खोऱ्यातल्या धुक्यामुळे उड्डाण लांबतं, त्यामुळे त्याच दिवशीचं परतीचं विमान धरू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. घरी गेल्यावर वेळेवरून शिखरं ओळखायला याचा फार उपयोग होतो.

खिडकी काचेची नसते, अॅक्रिलिकची असते. आतला पातळ थर हातांनी आणि डोक्यांनी घासून ओरखडलेला असतो. तो कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच पुसा. स्पिरिट लावू नका, अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. पोलरायझर (आकाश गडद करणारा, चमक कमी करणारा फिल्टर) घरीच ठेवा. अॅक्रिलिकमध्ये ताण असतो आणि पोलरायझर लावला की आकाशात इंद्रधनुषी पट्टे उमटतात. ते नंतर काढता येत नाहीत. लेन्स खिडकीपासून बोटभर लांब धरा. टेकवली की विमानाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. मधलं अंतर काळ्या कापडाने किंवा मऊ रबरी हूडने झाका आणि अंगात गडद कपडे घाला. हे जाताना जास्त महत्त्वाचं, कारण तेव्हा सूर्य उजव्या बाजूच्या खिडक्यांतून आत येतो आणि तुमचा पांढरा शर्ट डाव्या खिडकीत डोंगरावर तरंगताना दिसतो.

शिखरांसाठी शटर १/१००० सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २००च्या आसपास. एफ/११च्या पुढे गेलात तर खिडकीवरचे ओरखडे फोकसमध्ये यायला लागतात. ऑटोफोकसचा एकच बिंदू ठेवा आणि तो बर्फ आणि खडक जिथे भेटतात त्या कडेवर धरा. नुसत्या आकाशावर धरला तर तो खिडकीलाच चिकटतो. फ्रेमभर बर्फ असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७, खाली अंधारी दरी अर्ध्याहून जास्त असेल तर –०.७.

प्रोपेलरचं गणित वेगळं आहे. एटीआरची सहा पाती उड्डाणाच्या स्थिर टप्प्यात मिनिटाला सुमारे हजार फेरे घेतात. १/१०००ला पातं जेमतेम ६ अंश सरकतं, म्हणजे विमान हवेत थांबल्यासारखं दिसतं. १/१००ला ते ६० अंश सरकतं. दोन पात्यांमधलं अंतरही ६० अंशांचंच, त्यामुळे पूर्ण पारदर्शक चकती तयार होते. अडचण एवढीच की इतक्या उन्हात १/१००साठी अॅपर्चर एफ/१६ लागतं आणि ओरखडे परत येतात. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश आठपट कमी करणारी गडद काच) लावला की आयएसओ १००, १/१००, एफ/५.६ वर सगळं जमून येतं. लेन्स ३५ मिमीच्या आसपास ठेवा, हात हलला तरी चालून जातं. मोबाइलमध्ये पाती केळ्यासारखी वाकतात, कारण सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो आणि तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरलाही हाच रोग, म्हणून मेकॅनिकल शटर वापरा.

उड्डाणानंतर आधी येतो लांगटांग लिरुंग, ७,२२७ मीटर. मग शिशापांगमा, दोर्जे लाक्पा. दोन टोकांचा गौरीशंकर चटकन ओळखू येतो. त्यानंतर चो ओयू, रुंद आणि सपाट माथ्याचा. इथून पुढे लेन्स बदलण्यात वेळ घालवू नका, २४–१०५ मिमीसारखी एकच झूम लेन्स पुरते.

एव्हरेस्ट पहिल्यांदा बघणारे बहुधा चुकीच्या शिखराचे फोटो काढतात, कारण नुप्त्से आणि ल्होत्सेची पांढरी भिंत पुढे असते. त्या भिंतीमागून वर आलेला काळपट त्रिकोण शोधा. जोरदार वाऱ्यामुळे त्याच्यावर बर्फ फारसं टिकत नाही आणि माथ्यावरून हिमकणांचा फरारा उडत असतो. एटीआरची कमाल उंची २५,००० फूट, म्हणजे ७,६२० मीटर. शिखर ८,८४८.८६ मीटर. विमानात बसूनसुद्धा तुम्ही एव्हरेस्टकडे मान वर करूनच बघता! म्हणून कॅमेरा खाली झुकवू नका. पंखाची कड वर, शिखर तिच्याखाली आणि मधे आकाशाची बारीक फट, ही माझी आवडती रचना. फट नसेल तर पंख डोंगराला चिकटतो आणि दोन्हींचा आकार हरवतो.

विमान वळलं की जाताना डावीकडे बसलेल्यांची पाळी संपते. पंखाचं टोक खाली झुकतं त्या काही सेकंदांत दऱ्यांतली शेतं दिसतात, तेव्हा कॅमेरा तयार ठेवा.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. घरी फोटो सुधारताना धुरकटपणा काढणारा स्लायडर १५–२०च्या पुढे नेला की खिडकीतली प्रतिबिंबं आणि डागही उठून येतात. त्यापेक्षा निळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. बर्फ पांढरं होतं आणि सावल्यांत हवी तेवढी निळाई उरते.

या फेरीचं तिकीट जमलं नाही तर दिल्लीहून काठमांडूला येताना डावी खिडकी घ्या, परतताना उजवी. हवा स्वच्छ असेल तर धौलागिरी, अन्नपूर्णा आणि मनास्लू लांबवर रांगेत दिसतात, आणि तिथे लागते ७०–२००ची लेन्स.