सावली नसलेली बाग

शनिवार, रात्री

आईला आज जर्मनीतल्या हॅनोव्हरची हेरेनहाउझनची बाग दाखवली. फाटकातून आत शिरलं की समोर नुसती भूमिती. बॉक्सवुडच्या बुटक्या झुडपांची कातरलेली नक्षी, मधे रंगीत खडी, पांढरे पुतळे आणि फूटपट्टी लावून आखलेल्या वाटा. ऊन चांगलंच तापलं होतं. "छान आहे गं सगळं, पण सावली कुठाय?" आईने विचारलं. खरंच आहे. राजवाड्यासमोरचा हा भाग टेकायला केलेलाच नाही. तो खिडकीतून बघायचा आणि पाहुण्यांना दिपवायचं. त्यातला राजवाडाही १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आत्ता दिसतो तो २०१३ चा.

मला इथे यावंसं वाटतं ते सोफियामुळे. हॅनोव्हरची ही राणीसाहेब. बाग तिने वाढवली, रोज इथे फिरायची. १७०१ च्या कायद्याने इंग्लंडच्या गादीची वारसही ठरली होती. ८ जून १७१४ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, बागेत फेरफटका मारताना अचानक पाऊस आला. आडोशाला जायच्या घाईत ती कोसळली आणि गेली. मग दोन महिन्यांच्या आत राणी ॲन वारली आणि गादी सोफियाच्या मुलाला मिळाली, तोच पहिला जॉर्ज. आईने तिच्या संगमरवरी पुतळ्याकडे बघत निकाल दिला, "म्हटलं ना, आडोसा हवा होता."

मोठं कारंजं सुरू झालं तेव्हा सगळे मोबाइल वर करून उभे. १७२० मध्ये नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या पंपांनी ते ३५ मीटरच्या आसपास चढवलं होतं, तेव्हा केवढं अप्रूप! आता ७० मीटरच्या वर जातं. वाऱ्याने फवारा आमच्यावर आला तेव्हा आईची उन्हाची तक्रार तात्पुरती मिटली.

पुढे हॉर्नबीमच्या झाडांच्या उंच कुंपणांमधे एकदाची सावली सापडली. तिथे तिला लायब्निट्सची गोष्ट सांगितली. हा तत्त्वज्ञ सोफियाचा जुना स्नेही. जगात दोन गोष्टी तंतोतंत सारख्या नसतातच, असं त्याचं म्हणणं. एका सरदाराला ते पटेना. सोफिया म्हणाली, मग आण शोधून दोन सारखी पानं! बिचारा बागभर धावला, हाती काही लागलं नाही. एवढ्या आखीवरेखीव बागेत हा वाद व्हावा, याची मला भारी गंमत वाटते.

आईने लगेच चष्मा लावला. खाली पडलेली दोन पानं उचलून तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. कडेला बारीक दाते, मधल्या शिरेपासून निघालेल्या तिरक्या, घट्ट शिरा. एकाला एका बाजूला बारा, दुसऱ्याला तेरा.

"इतकी वर्षं मेथी निवडतेय मी," आई म्हणाली, "मला विचारलं असतं तर त्याला एवढं धावावं लागलं नसतं."