आवाज सरकतो, टाइमलाइन अडकते: पीसी बदलण्याआधी फाइल तपासा

मैफल असो, व्याख्यान असो की एकांकिका, चित्रीकरणाची मांडणी आता साधारण ठरलेली असते. मध्ये एक मिररलेस कॅमेरा, दोन्ही कडांना दोन मोबाइल आणि मिक्सरमधून थेट आवाज घेणारा छोटा रेकॉर्डर. सगळं एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एका टाइमलाइनवर टाकलं की पहिली दहा मिनिटं छान चालतात. चाळिसाव्या मिनिटाला गायकाचे ओठ आधी हलतात आणि सूर मागून येतो. प्ले केलं की चित्र धक्के खातं. लगेच नव्या ग्राफिक कार्डाची चौकशी सुरू होते. माझं ठाम मत आहे की त्याआधी फाइल तपासावी, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

त्यासाठी ‘मीडियाइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. फाइल त्यात ओढून टाकायची आणि चार ओळी वाचायच्या: फॉरमॅट, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, एचडॉट२६४ की एचडॉट२६५; बिट डेप्थ, म्हणजे रंगछटांची बारकाई, ८ की १०; क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती किती ठेवली आहे, ४:२:० की ४:२:२; आणि फ्रेम रेट मोड, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या चित्रांचा (फ्रेमचा) वेग, कॉन्स्टन्ट (कायम) की व्हेरिएबल (बदलता). पुढचं सगळं निदान या चार ओळींवर उभं आहे.

आधी आवाजाचं बघू. तो कसा सरकतो, यावरून कारण ओळखता येतं, म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी ओठ आणि आवाज जुळवून पाहावा. तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर फक्त सिंक, म्हणजे चित्र-आवाजाची जुळणी, चुकलाय. क्लिप सरकवा, काम झालं. फरक एका ठरावीक जागी अचानक उडी मारत असेल, तर कॅमेऱ्याने तिथे फाइल तोडलेली असते. ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड फॅट३२ पद्धतीचं असतं आणि त्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगचे तुकडे होतात. जुन्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांत कार्डावरून फक्त एमटीएस (व्हिडिओच्या) फाइली उचलल्या की जोडावर आवाजाच्या एक-दोन फ्रेम गळतात. कार्डावरचं मूळ फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून घेतलं, तर तुकडे सलग क्लिप म्हणून येतात.

फरक हळूहळू, एकाच चालीने वाढत असेल तर तासाभराचा हिशेब करा. तासाला ३.६ सेकंदांच्या आसपास असेल, तर २९.९७ आणि ३० या दोन फ्रेम रेटची गल्लत आहे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी ३० चा वेग एक हजारांशाने कमी केला गेला, आणि तो आकडा अजून आपल्या कॅमेऱ्यांच्या मेनूत बसलेला आहे. क्लिप ‘इंटरप्रेट’ करताना, म्हणजे तिचा फ्रेम रेट सॉफ्टवेअरला सांगताना, चुकीचा आकडा दिला गेलाय का, ते आधी पाहा.

तासाला दोन-चार फ्रेमच असतील तर कुणाचीच चूक नाही. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या स्फटिकाच्या घड्याळावर चालतात आणि दोन घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांमागे ३० इतकाच फरक धरला तरी तासाभरात १०८ मिलिसेकंद होतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास ३ फ्रेम. इथे बरेच जण क्लिपचा वेग बदलायला जातात. पण प्रीमियरच्या स्पीडच्या चौकटीत टक्क्यांचे दोनच दशांश बसतात आणि ०.०१ टक्का म्हणजे तासाला ३६० मिलिसेकंद. १०८ चं दुखणं त्या मापाने बरं होत नाही. आवाज कापून सरकवणंही मैफलीत नको, कारण तानपुरा अखंड चालू असतो आणि काप कानाला कळतो. रेकॉर्डरचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड ठेवा आणि चित्र सरकवा. प्रत्येक कॅमेऱ्याची क्लिप १५-२० मिनिटांच्या अंतराने कापायची आणि तबल्याची टोकदार थाप वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) जुळवून एक-एक फ्रेम हलवायची. हा काप दुसरा कॅमेरा दिसत असताना घेतला की प्रेक्षकाला काहीच कळत नाही.

उरला चौथा प्रकार, सगळ्यांत त्रासदायक. आवाज कुठे पुढे, कुठे मागे, कुठे बरोबर. ही मोबाइलची व्हेरिएबल फ्रेम रेटची फाइल. सभागृहातले दिवे मंद झाले की मोबाइल एक्स्पोजर लांबवतो, तापला की दम खातो, आणि फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होतं. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ लिहिलेली असते, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ नीट दिसतो. एडिटिंगची टाइमलाइन मात्र समान अंतराची जाळी असते. काही सॉफ्टवेअर अशा फाइलला सांभाळून घेतात, पण तासाभराच्या मल्टिकॅमला (अनेक कॅमेऱ्यांच्या एडिटिंगला) त्यांच्यावर विसंबू नये.

उपाय हॅन्डब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एक्स२६४, मूळ व्हिडिओ १० बिटचा असेल तर १० बिटचा एन्कोडर, क्वालिटी आरएफ १६ ते १८, ट्यूनमध्ये ‘फास्ट डिकोड’, फ्रेम रेट ३० आणि खाली ‘कॉन्स्टन्ट फ्रेमरेट’. आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. मूळ फाइल ३० च्या जवळची असेल तर ३० च ठेवा, इथे २५ करू नका. फाइल मूळपेक्षा मोठी होईल, ते ठीक आहे. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवून हा दोष जात नाही. मूळ फाइलच वाकडी असल्यामुळे फायनल एक्स्पोर्टमध्ये तो परत येतो. आधी हॅन्डब्रेक, मग सिंक, मग प्रॉक्सी हा क्रम मोडू नका.

पुढच्या वेळी हे टाळता येतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘पाल फॉरमॅट्स’ दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ निवडता येतं. तिथलीच ‘ऑटो एफपीएस’ बंद करावी. अँड्रॉइडवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप चालत असेल तर उत्तमच. २५ चा आग्रह भारतात विजेमुळे आहे: आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवलं की चित्रावरून पट्टे सरकत जातात, आणि ते एडिटिंगमध्ये नीट निघत नाहीत. १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रश्न बहुधा मिटतो. शिवाय ३० ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर टाकली की दर सहा फ्रेममधली एक गळते. बसलेल्या गायकावर ते खपून जातं, कॅमेरा आडवा फिरताना मात्र धक्का दिसतो.

आता अडकणारी टाइमलाइन. मिररलेसची फाइल एचडॉट२६५, १० बिट, ४:२:२ अशी असेल तर पीसी कितीही ताकदवान असला तरी तिला हार्डवेअरमध्ये उलगडणारा भाग त्यात आहे का, हा खरा प्रश्न आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेच्या ग्राफिक कार्डांत तो नाही, ५० मालिकेत आला. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे. ॲपलच्या एम१ पासून पुढे आहे. म्हणून नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. त्यात अंगचं ग्राफिक्सच नसतं. ‘एफ’ प्रोसेसर आणि त्याला आरटीएक्स ४०७० ही जोडी गेमसाठी झकास, पण या फाइलींपुढे सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो.

‘एफ’ नसलेला प्रोसेसर आधीच असेल आणि तरी अडकत असेल तर बायोस, म्हणजे पीसी सुरू होतानाची सेटिंग, उघडा. बऱ्याच मदरबोर्डवर ग्राफिक कार्ड लावलं की अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ हा पर्याय चालू करावा लागतो. मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, जीपीयू, ‘व्हिडिओ डिकोड’ हा आलेख लावून क्लिप चालवा. आलेख शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर हार्डवेअर अजून कामाला लागलेलं नाही.

यातलं काहीच शक्य नसेल तर प्रॉक्सी. १०८० मध्ये प्रोरेस ४२२ प्रॉक्सी २५ फ्रेमला ३८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) घेते, म्हणजे तासाला सुमारे १७ जीबी. प्रीमियरमध्ये प्रॉक्सी जोडली जात नसेल तर बहुधा आवाजाच्या चॅनलची संख्या जुळत नाही: मूळात चार आणि प्रॉक्सीत दोन. तेवढं सारखं केलं की जोडली जाते.

डिस्कचा हिशेब सरळ आहे. १०० एमबीपीएसचा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो. तीन कॅमेरे, तीन तास, ४०५ जीबी. त्यावर प्रॉक्सी १५३. कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) आणि मोकळी जागा धरून १ टीबीचा एसएसडी हवाच. तिन्ही कॅमेरे एकदम चालले तरी सेकंदाला ३८ एमबीच्या (मेगाबाइटच्या) आसपास लागतात आणि हार्ड डिस्क कागदावर तेवढं देते, पण तिचा हेड तीन फाइलींमध्ये उड्या मारत राहतो आणि वेग कोसळतो. एक्स्टर्नल एसएसडीवर कॉपी सेकंदाला ३५-४० एमबीवरच अडली असेल तर केबल बदलून बघा. चार्जरसोबत आलेल्या सी-टाइप केबल बहुतांशी यूएसबी २.० च्या असतात.

रॅम ४के साठी ३२ जीबी, आणि १६ च्या दोन पट्ट्या, ३२ ची एक नको. ग्राफिक कार्डाची मेमरी ८ जीबी. एडिटिंगसाठी रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरत असाल आणि नॉइज रिडक्शन लावल्यावर ते मेमरी भरल्याची तक्रार करू लागलं तर काम १०८० च्या टाइमलाइनवर करा. टाइमलाइनचा फ्रेम रेट मात्र पहिली क्लिप आत घेण्याआधीच ठरवा, नंतर रिझॉल्व्ह तो बदलू देत नाही.

शेवटी श्रेयनामावली. प्रीमियरमध्ये ‘दिग्दर्शक’ची अक्षरं सुटी पडली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या पानावर टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. आधी बनवलेली टायटल्स पुन्हा टाइप करून पाहा. फॉन्ट निवडताना ‘ऱ्हास’, ‘वाङ्मय’, ‘ज्येष्ठ’, ‘कीर्ती’ एवढे शब्द टाइप करून बघावेत. ‘ऱ्हास’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र अनेक फॉन्टना जमत नाही. ल आणि श हिंदी वळणाचे येतात का तेही बघा, मराठी डोळ्यांना ते खटकतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ फुकट मिळतो, त्यापासून सुरुवात करता येईल. आयोजकांनी नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पाठवली असतील तर आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग प्रत्येक नाव निमंत्रणपत्रिकेशी अक्षरशः ताडून पाहा. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकवतात.