फोनवरचा दवाखाना: सॅलिनास खोऱ्यातील मधुमेही रुग्णांबरोबरचा माझा अनुभव

कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात अमेरिकेतल्या लेट्यूसचा फार मोठा वाटा पिकतो, आणि ते लावणारे, कापणारे, खोक्यांत भरणारे मजूर बहुतांशी मेक्सिकोतून आलेले आहेत. या भागातील एका सामुदायिक दवाखान्यात मी क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून काम करते. पुण्यात बी.फार्म. झाल्यावर इकडे येऊन परदेशी पदवीधरांसाठीची पात्रता परीक्षा, उमेदवारीचे तास आणि परवान्याच्या परीक्षा या सगळ्यांतून जावे लागले. स्पॅनिश मात्र औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलता बोलताच आली. दवाखान्याने मधुमेही रुग्णांसाठी फोन आणि व्हिडिओवरून उपचार करणारी टीम उभी केली, तेव्हा तिच्यात औषधांची जबाबदारी माझ्याकडे आली. ती टीम प्रत्यक्षात कशी चालू लागली, ते येथे नोंदवत आहे.

अमेरिकेत निदान झालेला मधुमेह गौरवर्णीय प्रौढांपैकी सुमारे सात टक्क्यांना, तर लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, प्रौढांपैकी सुमारे बारा टक्क्यांना आहे, असे सीडीसी या सरकारी संस्थेची आकडेवारी सांगते. पण ‘लॅटिनो’ हा एकच गठ्ठा नाही. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो येथे झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास, तर मेक्सिकन वंशाच्या लोकांमध्ये अठरा टक्क्यांच्या वर आढळले. आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे या दुसऱ्या गटातले आहेत.

२०२० च्या वसंत ऋतूत कोविडमुळे दवाखान्यात येणे थांबले आणि फोनवरच्या तपासणीचेही पैसे मिळू लागले, तेव्हा हे काम नाइलाज म्हणून सुरू झाले. टीममध्ये डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, मी आणि एक प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीत राहणारी आरोग्यसेविका, अशी रचना होती. डॉक्टरांनी मान्य केलेल्या नियमावलीच्या चौकटीत राहून औषधांचे डोस मी कमीजास्त करू शकत असे. प्रत्येक बदलासाठी त्यांची वेळ मिळण्याची वाट पाहावी लागत नसे. ही कल्पना नवी नव्हती. सॅन दिएगोमध्ये १९९७ पासून ‘प्रोजेक्ट दुल्से’ या उपक्रमात नर्स आणि वस्तीतल्याच प्रशिक्षित शिक्षिका मिळून मधुमेहाचे काम करत आल्या होत्या, आणि पुढे त्यांनीच मोबाइलवरच्या स्पॅनिश संदेशांचाही प्रयोग केला, त्यात रुग्णांची साखर खाली आली. आमच्या व्यवस्थापनाचा भर मात्र सुरुवातीला अ‍ॅपवर होता. देखणे अ‍ॅप आले, त्याचे प्रशिक्षण झाले, आणि नोंदणीची यादी जवळपास कोरीच राहिली.

यादी भरू लागली ती प्रोमोतोराने फोन हातात घेतल्यावर. पहिल्या फोनमध्ये ती साखरेचा विषयसुद्धा काढत नसे. मुले कोणत्या शाळेत आहेत, सध्या ब्रोकोलीवर काम आहे की लेट्यूसवर, मुकादम सुट्टी देतो का, असे बोलणे होई. त्यानंतर लोक तिला जे विचारत, ते मला कोणी कधीच विचारले नसते: हे आकडे मालकाला दिसतात का, इमिग्रेशनवाल्यांकडे जातात का, सरकारी योजनेतून उपचार घेतले तर पुढे कागदपत्रांना अडचण येईल का. या शंकांना धीराने आणि खरी उत्तरे मिळाल्याशिवाय कोणीही बोटाला सुई टोचून आकडा पाठवणार नाही, हे मला तेव्हा पटले. अ‍ॅप आम्ही बाजूला ठेवले आणि ज्यात सिमकार्ड असते, म्हणजे वायफाय किंवा स्मार्टफोन नसतानाही आकडा आपोआप आमच्याकडे येतो, असे ग्लुकोमीटर दिले. फोनच्या वेळाही संध्याकाळी सहानंतरच्या ठेवल्या.

या पद्धतीचे खरे मोल मला एका पन्नाशीच्या बाईंच्या बाबतीत दिसले. त्या लेट्यूसच्या तांड्यावर पॅकिंगचे काम करीत. त्यांचे एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, नऊच्या वर होते, संध्याकाळचे आकडे तीनशेपर्यंत जात. पण आठवड्यातून एकदोनदा सकाळी दहाच्या सुमारास ५८, ६२ असे आकडे येत आणि त्या वेळी हात थरथरतात असे त्या सांगत. आमच्याकडून त्यांना मेटफॉर्मिन आणि ग्लिपिझाइडचा लहान डोस होता. एवढ्याने अशी घसरण होऊ नये, असे मला वाटत होते. व्हिडिओवर प्रोमोतोरा त्यांना म्हणाली, “दोन्या (म्हणजे बाई), घरात जेवढी औषधे आहेत तेवढी टेबलावर ओता. आमची असोत किंवा नसोत.” मेणकापडावर आमच्या दोन बाटल्या आल्या, दालचिनीच्या कॅप्सूल आल्या, नोपालची, म्हणजे निवडुंगाची, पूड आली, आणि शेवटी मेक्सिकोतल्या मिचोआकानहून बहिणीने पाठवलेली एक पांढरी पट्टी आली. ती कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितल्यावर अक्षरे वाचता आली: ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन. मेक्सिकोत ही एकत्रित गोळी सर्रास मिळते, आणि ग्लिबेनक्लामाइड ही आमच्या ग्लिपिझाइडच्याच जातीची. साखर वाढली असे वाटले की त्या दिवशी सकाळी त्या आमची ग्लिपिझाइड आणि ही गोळी, दोन्ही घेत आणि तशाच कामावर जात. “ही दवाखान्याची नाही, म्हणून कधी आणली नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते. येताना ‘आमची औषधे आणा’ असेच दवाखाना सांगत आला होता.

दोन्ही गोळ्या त्याच संध्याकाळी डॉक्टरांशी बोलून बंद केल्या. त्यानंतर रात्रीचे इन्सुलिन सुरू करायचे ठरले आणि तिथे गाडी अडली. त्यांच्या आईला इन्सुलिन सुरू झाल्यावर दिसेनासे झाले होते, त्यामुळे इन्सुलिननेच डोळे जातात अशी त्यांची खात्री होती. ही भीती मेक्सिकन कुटुंबांत खूप ठिकाणी आढळते आणि तिच्यामागे अनुभव असतो, कारण इन्सुलिन शेवटचा उपाय म्हणून सुरू होते आणि तोवर डोळ्यांच्या पडद्याचे नुकसान होऊन गेलेले असते. माझे शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण त्यांनी आदराने ऐकून घेतले. निर्णय मात्र त्यांनी प्रोमोतोराशी बोलून घेतला, जिचे वडील बरीच वर्षे इन्सुलिनवर होते आणि अजून स्वतः गाडी चालवत होते. आधी डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढायचा, तो ठीक आला तर इन्सुलिन, अशी अट त्यांनीच घातली. पडद्याचा फोटो, पायांची तपासणी आणि रक्त यांसाठी प्रत्यक्षच यावे लागते. ती सगळी कामे आम्ही शनिवारच्या एकाच फेरीत बसवली. काही महिन्यांनी त्यांचे एचबीए१सी सातच्या घरात आले.

शेतात काम करणाऱ्याचे औषध ठरवताना पुस्तकापेक्षा कामाचा दिवस आधी विचारावा लागतो. मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडते, आणि स्वच्छतागृह शेताच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर माणूस गोळीच सोडतो आणि ते सांगतही नाही. म्हणून आम्ही सावकाश विरघळणारी गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर देऊ लागलो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी नवी औषधे हृदय आणि मूत्रपिंडासाठी चांगली आहेत, पण खोऱ्याच्या दक्षिणेला किंग सिटीकडे उन्हाळ्यात पारा चढतो, तेव्हा शरीरातले पाणी कमी होण्याचा धोका मोजूनच ती द्यावी लागतात. वापरात असलेले इन्सुलिन साधारण तीस अंशांच्या आत ठेवायचे असते, त्यामुळे ते बंद गाडीत राहणार नाही, हेही बघावे लागते.

आहाराबद्दल थोडक्यात सांगते. टॉर्टिया बंद करा, असे सांगणारा आहारतज्ज्ञ इथे दुसऱ्यांदा ऐकला जात नाही. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी टॉर्टिया मोजून दोनतीन ठेवल्या, घेवडा वाढवला, आणि सगळा जोर सोडा आणि गोड पाण्यांवर लावला. ते जमले.

भाषेच्या बाबतीत मात्र ‘स्पॅनिश येते’ एवढ्यावर भागत नाही. मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या अनेकांची भाषा मिश्तेको किंवा त्रिकी आहे, आणि ते स्पॅनिशमध्ये ‘हो, हो’ म्हणतात ते सभ्यपणामुळे. घरातले शाळकरी पोर दुभाषा म्हणून वापरणे नियमात बसत नाही आणि बसूही नये. फोन जोडून देण्यापुरते पोर चालते. डोस समजावताना मात्र दुभाषा फोनवर घ्यायचा, मग अर्धा तास वाट पाहावी लागली तरी चालेल, असा दंडक आम्ही घालून घेतला. व्यवस्थापनाला हा वेळ वाया गेलेला दिसतो. माझ्या मते सगळ्यात स्वस्त पडणारा वेळ तोच आहे.

सगळ्यात अवघड भाग नोव्हेंबरात येतो. थंडीत लेट्यूसचा हंगाम ॲरिझोनातील युमाकडे सरकतो आणि आमचे कितीतरी रुग्ण मार्चपर्यंत तिकडे जातात. माझे माहेर बीड जिल्ह्यातले. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे पाहत मी वाढले, त्यामुळे हे स्थलांतर मला समजावून सांगावे लागले नाही. ऑनलाइन उपचार अशा वेळी सर्वांत उपयोगी पडावेत, असे कोणालाही वाटेल. पण परवाना रुग्ण ज्या राज्यात बसला असेल तिथला लागतो, आणि कॅलिफोर्नियाचे मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, राज्याबाहेर साधारणपणे तातडीच्या उपचारांपुरतेच चालते. म्हणून ऑक्टोबरातच प्रोमोतोरा प्रत्येकाला ‘युमाला कधी निघणार’ हे विचारते, मी मिळेल तेवढा औषधांचा साठा आधी भरून देते, चालू औषधांची स्पॅनिश यादी प्रत्येकाच्या फोनमध्ये फोटो म्हणून ठेवते, आणि नर्स तिकडच्या सामुदायिक दवाखान्यात पहिली वेळ घेऊन ठेवते. २०२२ च्या जुलैपासून मेडी-कॅल आरोग्यसेविकांच्या कामाचे पैसे देऊ लागले आहे; त्यामुळे निदान या फोनांसाठी प्रोमोतोराला स्वतःची संध्याकाळ फुकट घालवावी लागत नाही. ग्लुकोमीटरचे सिमकार्ड युमातही चालतेच. आकडे येत राहतात. एखादा फार खाली किंवा फार वर गेला, की डोस आम्ही बदलत नाही, तिकडच्या दवाखान्याला कळवतो आणि रुग्णाला तिथे पाठवतो.